उंबरझिऱ्याचा पहिला आणि शेवटचा सरपंच

उंबरझिऱ्याची ग्रामपंचायत जन्माला आली ती एका भोंग्याच्या पाठीमुळं. हे कुठल्या सरकारी दप्तरात सापडायचं नाही, पण साक्रीच्या पश्चिमेला कुणालाही विचारा, तो हेच सांगेल.

तिकडं भोकरी नावाची नदी आहे. नदी म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. दिवाळी उलटली की तिच्यात पाण्यापेक्षा म्हशी जास्त, आणि होळीनंतर म्हशीसुद्धा तिचा नाद सोडतात. तिच्या एका काठावर सोनवाडे आणि दुसऱ्या काठावर उंबरझिरे. सोनवाडे मोठं गाव. तिथं शाळा, हस्तीमल शेटचं दुकान, शुक्रवारचा बाजार असं सगळं काही. उंबरझिऱ्याजवळ एक मारुती, एक पार आणि दोन गावांना पुरून उरेल एवढा ताठा. पूर्वी दोन्ही गावांची मिळून एकच पंचायत होती. तिला सरकारकडून एक रेडिओ मिळाला, भोंग्यासकट. तो सोनवाड्याच्या चावडीवर बसवला, त्याला कुणाची हरकत नव्हती. पण भोंग्याचं तोंड राहिलं सोनवाड्याकडं आणि पाठ उंबरझिऱ्याकडं. बाजारभाव, भजनं, पावसाचा अंदाज, सगळं सोनवाड्याला समोरून ऐकू यायचं आणि उंबरझिऱ्याला पाठीमागून. कुणी पाठ करून बोललं तर घरातलं माणूससुद्धा रुसतं, इथं तर अख्ख्या गावाचा प्रश्न होता.

चिंधा त्या वेळी तिशीतला गडी. एका सकाळी तो नदी ओलांडून गेला, चावडीवर चढला आणि भोंगा फिरवून आला. संध्याकाळी सोनवाडेकरांनी तो पुन्हा आपल्याकडं वळवला. दुसऱ्या दिवशी चिंधा परत गेला. असं होता होता भोंग्याची मान ढिली झाली आणि तो आभाळाकडं तोंड करून बोलायला लागला, म्हणजे कुणालाच काही कळेना. शेवटी प्रकरण धुळ्याला पोचलं. तिथल्या एका कंटाळलेल्या साहेबानं दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की तुम्हाला एकत्र नांदायचं नसेल तर वेगळे व्हा बुवा. एकोणीसशे एकोणसाठ साली उंबरझिरे वेगळं झालं. भोंगा फिरवणारा चिंधा बिनविरोध सरपंच झाला, आणि तिशीतच सगळे त्याला आबा म्हणायला लागले.

नव्या पंचायतीनं पहिलं काम केलं ते स्वतःचा रेडिओ मिळवायचं. त्याचा भोंगा चिंधा आबानं मुद्दाम सोनवाड्याकडं तोंड करून बसवला. सोनवाड्यानं आपला इकडं वळवला. तेव्हापासून दोन्ही गावांना बाजारभाव दोनदा ऐकू यायचे. भाव मिळायचा मात्र एकदाही नाही. दुसरं काम म्हणजे कोंडवाडा. उंबरझिऱ्याच्या कोंडवाड्यात फक्त सोनवाड्याची गुरं असायची आणि सोनवाड्याच्या कोंडवाड्यात फक्त उंबरझिऱ्याची. पुढं पुढं बैलांना दोन्ही वाटा पाठ झाल्या, हाकायलासुद्धा माणूस लागेना. तिसरं काम विहीर. तिच्या पूजेच्या दिवशी चिंधा आबा नारळ फोडायला वाकला, पाय घसरला आणि धपकन आत पडला. नारळ काठावरच राहिला. पाणी छातीइतकंच होतं म्हणून सरपंच वाचला. पण विहिरीला पाणी आहे हे सिद्ध झालं, त्यासाठी वेगळा माणूस आणावा लागला नाही.

तर अशी ही पंचायत. तिच्या खोलीवर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत 'ग्रामपंचायत उंबरझिरे' असं लिहिलेलं होतं. चिंधा आबा रोज सकाळी धोतराच्या सोग्यानं ती पाटी पुसायचा. लोक हसायचे. हसोत बापडे. ज्याच्या गावाचं नाव बापजन्मात कुठं लिहिलेलं नव्हतं, त्याला ती पाटी म्हणजे काय होती ते हसणाऱ्यांना कळणार नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. या दोन गावांचं हाडवैर होतं हे खरं, पण सोयरिकी मात्र एकमेकांतच व्हायच्या. लांब कोण पोरी देणार? चिंधा आबाची बायको मंजुळाबाई सोनवाड्याची, तिथला सरपंच मगन याची सख्खी बहीण. आणि मगनची बायको लताबाई ही चिंधा आबाची सख्खी बहीण. साटंलोटं. दोन्ही सरपंच एकमेकांचे दुहेरी मेहुणे होते, आणि वर्षभर एकमेकांची गुरं कोंडत होते.

आणि दुसरी गोष्ट अखाजीची. खान्देशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो, गौराई बसते. गौराई बोळवायला बाया नदीवर जातात, आणि तिथं बार होतो. बार म्हणजे काय, तर या काठावर एका गावच्या लेकी आणि त्या काठावर दुसऱ्या गावच्या लेकी उभ्या राहतात आणि कोरड्या नदीवरून एकमेकींच्या गावाला शिव्या घालतात. साध्या नव्हे, चालीत बांधलेल्या, जोडीनं जुळवलेल्या. शिव्या संपल्या की ढेकळं. वर्षभर सासरी जिभेवर ठेवलेलं ओझं त्या एका दुपारी उतरतं. पुरुषांनी मागं उभं राहायचं आणि काही बोलायचं नाही, ही रीत.

मंजुळाबाई दर अखाजीला नदी ओलांडून माहेरी जायची आणि सोनवाड्याच्या काठावर सगळ्यांच्या पुढं उभी राहायची. उंबरझिऱ्याच्या सरपंचाची बायको उंबरझिऱ्याला शिव्या घालायची, हे त्या मुलखात इतकं रोजचं होतं, की त्यात काही नवल आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. चिंधा आबाच्या तर नाहीच.

एकाहत्तर सालच्या फाल्गुनात वरून हुकूम आला, की लहान पंचायती जवळच्या मोठ्या पंचायतीत मिळवायच्या. चिंधा आबाला तो संध्याकाळी कळला. दुसऱ्या दिवशी धुवट टोपी घालून तो साक्रीला गेला. तिथं पंचायतीचं काम पाहणारे विस्तार अधिकारी तायडे साहेब नवीनच बदलून आले होते. माणूस सावद्याकडचा, केळीच्या हिरव्या मुलखातला. बोलणं कमी, ऐकणं जास्त. चिंधा आबानं त्यांना भोंग्यापासून विहिरीपर्यंत सगळा इतिहास ऐकवला. विहिरीत पडल्याचं तेवढं गाळलं. मधे नदी आहे, पलीकडं जायचं कसं, असंही तो म्हणाला. साहेबांनी विचारलं, नदीला आत्ता पाणी आहे का? चिंधा आबा टोपी काढून परत घालत बसला.

मग साहेबांनीच वाट दाखवली. ते म्हणाले, की या दोन गावांचं खरोखर पटत नाही, एकत्र बसवली तर डोकी फुटतील, असं मला माझ्या डोळ्यांनी दिसलं तर मी तसं वर लिहीन आणि तुमची पंचायत राहील. नाही दिसलं तर माझा इलाज नाही.

चिंधा आबाच्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"मंग अखाजीले या साहेब," तो म्हणाला. "बार दखाले."

साहेब म्हणाले, आमच्याकडं अखाजीला झोके असतात, बार कधी पाहिला नाही. चिंधा आबानं त्यांना सांगितलं, की एकदा पाहिलात म्हणजे दुसरा पुरावा मागणार नाही. परतीच्या एसटीत तो एकटाच हसत होता. शेजारच्या माणसानं जागा बदलली.

आता अडचण एकच होती. आपल्या काठावरच्या लेकींना तो चिथावू शकत होता. त्यांची पुढारीण लताबाई, त्याची बहीणच. तिला नुसता निरोप पुरला. पण समोरच्या काठावरून तेवढ्याच जोराच्या शिव्या यायला हव्यात, तरच वैर दिसणार. आणि समोरच्या काठाची पुढारीण त्याच्याच चुलीपुढं भाकरी थापत होती. अखाजीच्या आधी ती माहेरी जायचं गाठोडं बांधत असताना तो तिच्याजवळ जाऊन बसला आणि उगाच गाठोड्याची गाठ सोडू-बांधू लागला. मंजुळाबाईनं ओळखलं, की काहीतरी बिनसलंय.

"यंदा जरा जोर लाव," चिंधा आबा म्हणाला.

कशाला, असं तिनं विचारल्यावर त्यानं सगळं सांगितलं. आजवर तिनं सासरची अब्रू राखून शिव्या दिल्या होत्या हे त्याला ठाऊक होतं. गावाला बोलायची, पाराला बोलायची, पण घरातलं उंबऱ्याबाहेर काढायची नाही. यंदा ती लाज सोड, असं त्यानं तिला विनवलं. नवरा बायकोच्या पाया पडतो ते शिव्या देऊ नको म्हणून; इथं उलटा प्रकार. तो घोरतो ते सांग, मोट हाकताना गातो ते सांग. आणि मग खाली बघत तो म्हणाला, की विहिरीचंसुद्धा घे.

मंजुळाबाई हसली नाही. तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं.

"दोन्ही गाव एक व्हयनात तर मन्हं माहेर कोठे जाई?" तिनं विचारलं.

माहेरी जायचं म्हणजे वेस ओलांडून जायचं. वेसच राहिली नाही तर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्यासारखं. त्याला कुणी माहेर म्हणतं का? चिंधा आबाला हे सुचलंच नव्हतं, पण त्यानं लगेच मान हलवली आणि म्हणाला, तेच तर. मंजुळाबाईनं गाठोडं घट्ट आवळलं. पाहते म्हणाली.

अखाजीच्या दुपारी तायडे साहेब आले. त्यांच्यासाठी काठावरच्या उंबराखाली बाज टाकली होती. गौराई बोळवून झाली आणि दोन्ही काठांवर बाया पदर खोचून उभ्या राहिल्या. सुरुवात लताबाईनं केली, सोनवाड्याच्या आंडेरीला, म्हणजे लेकीला, धरून.

"सोनवाडानी आंडेर, तिले येस नही रांधता,
डाय गई जळी, तरी बठनी वेनी बांधता!"

समोरून लगेच जबाब आला. मग इकडून. मग तिकडून. शिवीवर शिवी चढत गेली. सोनवाड्याच्या पोरी आळशी ठरल्या, उंबरझिऱ्याच्या खादाड ठरल्या. एकीकडच्या म्हशी वांझ निघाल्या, दुसरीकडचे देव बहिरे निघाले. साहेब बाजेवर पुढं सरकून बसले. पहिलं ढेकूळ बाजेजवळ फुटलं तेव्हा त्यांनी पाय वर घेतले. चिंधा आबाला वाटलं, झालं काम. पंचायत राहिली. पाटी राहिली. त्यानं मारुतीकडं बघून मनातल्या मनात हात जोडले.

तेवढ्यात मंजुळाबाई पुढं आली. तिनं कमरेवर हात ठेवला आणि सूर लावला.

"उंबरझिराना सरपंच गया विहीर पुजाले,
नारय ऱ्हायना वरे, नि तो गया भिजाले!"

दोन्ही काठ हसले. म्हणजे अक्षरशः दोन्ही. लताबाईनं तोंडाला पदर लावला. तायडे साहेबही हसले आणि त्यांनी विचारलं, की खरंच पडला होतात का. चिंधा आबानं कबूल केलं. साहेबांनी विचारलं, ही बाई कोण? भलतीच तयारीची दिसते.

इथं शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण चिंधा आबाची छाती तेव्हा इतकी भरून आली होती, की तिच्यात शहाणपणाला जागा उरली नव्हती. सगळ्या मुलखात असा बार कुणी उठवत नाही, आणि जी उठवते ती कुणाची?

"साहेब, ती आमनी मंडळी शे," तो म्हणाला.

साहेबांनी पाय खाली घेतले. तुमची मंडळी, मग ती त्या काठावर कशी? चिंधा आबानं समजावून सांगितलं, की तिचं माहेर तिकडं आहे आणि आज अखाजी आहे. साहेबांनी या काठाकडं बघितलं. मग ही पुढं उभी आहे ती? ती माझी बहीण, सोनवाड्याच्या सरपंचाला दिलेली. आणि तिच्या मागची? ती माझ्या चुलत्याची, तिकडच्या पाटलाच्या घरात आहे. साहेब उठले. काठावरून चालत चालत एकेका बाईला विचारत गेले, ताई तुमचं सासर कुठलं? सोनवाडे. तुमचं? सोनवाडे. मग कोरडी नदी ओलांडून पलीकडं गेले. बार थांबलेला, ढेकळं हातातच राहिलेली. तिकडं एकेकीला विचारलं. उंबरझिरे. उंबरझिरे. उंबरझिरे. मगननं त्यांना आमरस पाजला. मिशीला रस लागलेला तसाच घेऊन ते परत आले.

"आबा, आज तुमच्या सुना कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

"बठ्ठ्या त्या काठले."

"आणि त्यांच्या सुना?"

चिंधा आबानं आपल्या काठाकडं बघितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याला दिसलं की त्याच्या गावाच्या बाजूनं लढायला त्याच्या गावची एकही कारभारीण उभी नाही. सगळ्या समोर होत्या.

साहेब जवळ बसले. आवाज मऊ होता त्यांचा. म्हणाले, आबा, परक्याला अशा शिव्या देताच येत नाहीत. त्याला माणूस विहिरीत पडलेला ठाऊक असावा लागतो. ही दोन गावं नाहीत. हे एकच घर आहे आणि मधे अंगण आहे.

त्यांनी तसंच वर लिहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्या कौतुकापायी चिंधा आबानं तोंड उघडलं, त्याच कौतुकानं त्याची पंचायत खाल्ली.

दिवाळीनंतर उंबरझिरे सोनवाड्यात मिळालं. भोंगा उतरवला. कोंडवाडा बंद झाला, तरी सोनवाड्याचे दोन म्हातारे बैल सवयीनं दुपारी येऊन त्याच्या दाराशी उभे राहायचे आणि कुणी कोंडत नाही म्हणून खिन्न होऊन परत जायचे. निळी पाटी चिंधा आबानं घरी आणून कणगीमागं ठेवली. नव्या पंचायतीत मगन सरपंच झाला. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं मेहुण्याला आपल्या शेजारची खुर्ची दिली, पहिला चहा त्याला दिला. पण कामकाजात उंबरझिरे हे नाव कुठं उरलं नाही. त्याचा झाला वॉर्ड नंबर चार. वॉर्ड नंबर चारचा दिवा, वॉर्ड नंबर चारची विहीर, वॉर्ड नंबर चारचे सदस्य. कुणी चिंधा आबाला सरपंच म्हणेना. म्हणणार तरी कसं? तो नव्हताच. सभेत तो आपला खाली मान घालून बसायचा आणि चहा आला की प्यायचा.

तो असाच खाली मान घालून बसलेला असताना, पुढच्या चैत्रात, मगननं एक ठराव मांडला. आता आपण एक आहोत. एका गावानं स्वतःलाच शिव्या घालणं बरं दिसत नाही. साक्रीत लोक हसतात. तेव्हा यंदापासून बार बंद. त्याऐवजी नदीत मांडव घालून स्नेहमेळावा करू, लिंबाचं सरबत ठेवू. कुणाची हरकत? चिंधा आबानं मान वर केली नाही. त्याला वाटलं, जिथं पंचायत गेली तिथं बार गेला तर काय मोठंसं. ठराव एकमतानं मंजूर झाला.

ते एकमत घरी पोचायला वेळ लागला नाही. अखाजी चार दिवसांवर आली तरी मंजुळाबाईनं गाठोडं बांधलं नाही. बाकीच्या सासुरवाशिणींचीही तीच गत. चिंधा आबानं विचारलं, यंदा माहेरी जायचं नाही का? मंजुळाबाई तव्यावरची भाकरी उलटत होती. तिनं वर न बघता सांगितलं.

"तुमनी पंचायत गई, तवय मी काही बोलनू नही. पन मन्हं माहेर तुम्ही कसाले गमाडं?"

चिंधा आबाला इतके दिवस वाटत होतं, की गेलं ते आपलं एकट्याचं गेलं. पाटी आपली, खुर्ची आपली, दुःखही आपलंच. त्या भाकरीच्या वासात बसून त्याला पहिल्यांदा लाज वाटली.

अखाजीला नदीच्या पात्रात मांडव पडला. जाजमं अंथरली. दोन्ही काठांच्या बाया मिसळून बसल्या, सुना आणि लेकी एकत्र, हातात सरबताचे पेले. मंजुळाबाई आणि लताबाई शेजारी शेजारी होत्या आणि दोघींना एकमेकींशी काय बोलावं ते सुचत नव्हतं. मौतीला बसल्यासारखा सगळा कारभार. मगननं भाषण केलं. एकी, प्रगती, आदर्श गाव. मग तो म्हणाला, की आता वॉर्ड नंबर चारचे सदस्य आभार मानतील.

चिंधा आबा उठला. आभार त्यानं खरंच पाठ केले होते. समोर मंजुळाबाई पेल्यात बघत बसली होती. वर्षभर राबून, सगळं गिळून, ज्या एका दुपारी तिची मान ताठ व्हायची ती ही दुपार, आणि ती पेल्यात बघत होती. चिंधा आबानं हातातल्या सरबताचा एक घोट घेतला. पाठ केलेलं सगळं विसरला.

"सरबत पिनू," तो म्हणाला. "सोनवाडाकडे साखर सरी गई व्हई, तर आमना उंबरझिराकडे मांगवानी व्हती."

पुरुषानं बोलायचं नाही ही रीत, आणि हा तर आभार मानायला उठलेला. मगन हळूच म्हणाला, दाजी, खाली बसा. पण तोवर जाजमावर एक पेला ठेवल्याचा आवाज आला. मंजुळाबाई उठली होती. तिनं पदर खोचला आणि कुणाकडं न बघता ती सोनवाड्याचा काठ चढायला लागली. मग लताबाई उठली आणि उंबरझिऱ्याच्या काठाकडं निघाली. मग एकेक करत सगळ्या. पाण्यातलं तेल वेगळं व्हावं तशा बाया आपोआप दोन्हीकडं गेल्या, आणि मधे राहिला मगन, सरबताचं पातेलं आणि मांडव. चिंधा आबा आपल्या काठावर लताबाईच्या मागं जाऊन उभा राहिला.

समोरून एका कोवळ्या पोरीनं सुरुवात करायला बघितली. "वॉर्ड नंबर चारना..." असं म्हणून ती अडकली. पुढं काही जमेना, चालीतही बसेना. वॉर्डाला कुणी शिवी देतं का? सगळ्या हसायला लागल्या. मंजुळाबाईनं त्या पोरीला हातानं मागं सारलं, कमरेवर हात ठेवला, आणि तो जुना सूर भोकरीवरून आला.

"उंबरझिराना सरपंच सरबत पेस फुकट,
साखरले नावं ठेवस, असा कसा हलकट!"

पाठोपाठ एक ढेकूळ आलं आणि चिंधा आबाच्या टोपीवर फुटलं. दुसरं पातेल्यात पडलं, मगन सरबतानं भिजला. हशा उसळला. चिंधा आबानं टोपी झटकली नाही. उंबरझिराना सरपंच. दिवाळीपासून हे दोन शब्द त्यानं कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते. सरकारनं गाव पुसलं, पाटी कणगीमागं गेली, वॉर्डाला नंबर मिळाला. पण समोरच्या काठावर उभं राहून जोवर कुणी नाव घेऊन शिव्या घालतंय तोवर इथं गाव आहे, आणि त्याला सरपंचही आहे, हे त्याला ढेकळासारखं नेमकं लागलं. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत.

लताबाईनं जबाब द्यायला तोंड उघडलं. चिंधा आबानं मागून तिचा हात धरला.

"थांब, लता," तो म्हणाला. "तिले आखो एकदाव म्हनू दे."